स्वतंत्र बॅप्टिस्ट मंडळी आणि कन्व्हेन्शनची मंडळी: फरक नेमका कुठे?

अमेरिकेच्या दक्षिणेत एखाद्या गावात 'फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च' अशी पाटी दिसली, तर ही गावातली बहुधा सर्वांत जुनी बॅप्टिस्ट मंडळी, एवढंच कळतं. ती स्वतंत्र आहे की सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या संघटनेशी जोडलेली, हे पाटीवरून समजत नाही. उपासनेवरूनही पटकन समजणार नाही. दोन्हीकडे विश्वास कबूल केलेल्यालाच बाप्तिस्मा देतात, तोही पाण्यात पूर्ण बुडवून.

आपल्याकडच्या वाचकाची इथे हमखास गफलत होते. १९७० साली नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात बिशप आणि धर्मप्रांत असतात, पाळकांच्या बदल्या वरून होतात. त्यामुळे कन्व्हेन्शन म्हणजे तसंच काहीतरी, आणि 'स्वतंत्र' म्हणजे त्यातून सुटलेली मंडळी, असं वाटतं. तसं नाही. १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथे स्थापन झालेलं हे कन्व्हेन्शन पाळक नेमत नाही, आणि मंडळीची इमारतही त्याच्या मालकीची नसते. पाळकाची निवड दोन्हीकडे सभासदांच्या मतानं होते, पाळकपदाची दीक्षाही स्थानिक मंडळीच देते. नाराज कन्व्हेन्शन मंडळीला फार तर आपल्यातून वगळू शकतं. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चला स्त्री पाळकाच्या मुद्द्यावरून वगळलं, तरी ते चर्च चालूच राहिलं.

खरा फरक पैशाच्या वाटेत आहे. कन्व्हेन्शनची मंडळी आपल्या अर्पणाचा काही हिस्सा १९२५ पासून चालत आलेल्या 'कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम'मध्ये टाकते. त्यातून मिशनरी पाठवणारी मिशन बोर्डं आणि पाळक घडवणाऱ्या सहा सेमिनरी चालतात, मिशनऱ्याला पगार बोर्ड देतं. स्वतंत्र मंडळीत असा सामायिक गल्ला नाही. तिथला मिशनरी निघण्याआधी गावोगावच्या मंडळ्यांमध्ये प्रवचनं देत फिरतो आणि एकेका मंडळीकडून महिन्याच्या मदतीचं वचन मिळवतो. पुरेशी वचनं जमायला बहुधा दोन-तीन वर्षं जातात. म्हणून कुठल्याही मंडळीचं अंदाजपत्रक हाती आलं की मिशनचं पान आधी पाहावं. एकच टक्केवारी असेल तर बहुधा कन्व्हेन्शन. मिशनऱ्यांची नावं आणि प्रत्येकापुढे रक्कम असेल तर बहुधा स्वतंत्र.

दुसरा फरक नोंदींचा, आणि इतिहास लिहिणाऱ्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. कन्व्हेन्शनच्या मंडळ्या दरवर्षी सभासद, बाप्तिस्मे आणि अर्पण यांचे आकडे कळवतात, ते वार्षिक अहवालांत सापडतात. स्वतंत्र मंडळीची मदार स्वतःच्या इतिवृत्तांवर आणि वर्धापनदिनाच्या स्मरणिकांवर. स्मरणिकेत पाळकांची नावं आणि सनावळी मिळतात, पण दोन पाळकांमधली रिकामी वर्षं किंवा फुटून गेलेला गट सहसा मिळत नाही. आकडेही जपून घ्यावेत. रविवारच्या शाळेची हजेरी आणि सभासदसंख्या या वेगळ्या गोष्टी आहेत. टेनेसीतल्या चॅटनूगा शहरातल्या हायलँड पार्क बॅप्टिस्ट चर्चचे ली रॉबर्सन १९४२ ते १९८३ पाळक होते, आणि त्यांच्या मंडळीच्या गणतीत शहराभोवतीच्या अनेक चॅपलची, म्हणजे छोट्या उपशाखांची, माणसंही धरलेली असत.

तिसरा मुद्दा पाळकाच्या हातातल्या सत्तेचा. टेक्सासच्या फोर्ट वर्थमधले जे. फ्रँक नॉरिस १९०९ पासून १९५२ मध्ये वारेपर्यंत फर्स्ट बॅप्टिस्टचे पाळक होते. १९२० च्या दशकात टेक्सासमधल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या राज्य-पातळीवरच्या कन्व्हेन्शननं त्यांच्या मंडळीला दूर केलं, पण पाळकपद आणि इमारत त्यांच्याकडेच राहिली. पुढे तर बरीच वर्षं ते डेट्रॉइटच्या टेंपल बॅप्टिस्टचंही पाळकपद एकाच वेळी सांभाळत. त्यांना जाब विचारणारं बाहेरचं कोणीच उरलं नव्हतं. १९५० मध्ये नॉरिस यांच्या सेमिनरीच्या नियमांवरून त्यांचं आणि त्यांचे सहकारी जी. बी. व्हिक यांचं बिनसलं. व्हिक यांच्या बाजूच्या पाळकांनी वेगळं होऊन बॅप्टिस्ट बायबल फेलोशिप ही स्वतःची संघटना काढली, मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डला कॉलेज उभं केलं. स्वतंत्र मंडळ्यांमधली फूट बहुतेकदा अशीच पडते: सिद्धांत तोच असतो, भांडण असतं ते नियमावली कोण बदलणार आणि गादीवर कोण बसणार यावरून. मंडळीचा इतिहास वाचताना घटनापत्र कोणत्या साली बदललं हे शोधलं, तर पुष्कळ कोडी सुटतात. कन्व्हेन्शनच्या मंडळ्याही अशा भांडणांतून सुटत नाहीत. तिथे शेजारच्या मंडळ्यांची असोसिएशन सल्ला देऊ शकते, पण हुकूम सोडू शकत नाही.

आणि मंडळी कायम एकाच बाजूला राहील असंही नाही. स्प्रिंगफील्डच्याच कॉलेजात शिकलेल्या जेरी फॉलवेल यांनी व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग इथे १९५६ मध्ये ३५ सभासदांनिशी थॉमस रोड बॅप्टिस्ट चर्च सुरू केलं, ते स्वतंत्र म्हणूनच. चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, ते सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी जोडलं गेलं. पाळक तेच होते, पाटीही तीच. अशा मंडळीबद्दल लिहिताना 'स्वतंत्र' किंवा 'सदर्न' असा एकच शब्द वापरला तर तो अर्ध्या इतिहासाला चुकीचा ठरतो. शब्दाशेजारी साल लिहावंच लागतं.