पायदळ नागपूर, लेआऊटचं नागपूर आणि वजनकाटा

आमच्या मामीचं ठाम मत आहे की जुन्या नागपुरातल्या महालात होतो तोवर वजन कधी वाढलंच नाही, शहराच्या टोकाला बेसाला राहायला आलो आणि चार-पाच वर्षांत ब्लाऊज उसवून घ्यावे लागले. घरचे हसतात, म्हणतात वय झालं, चिवडा कमी खा. पण राहत्या वस्तीचा आणि वजनाचा संबंध असतो का, हा प्रश्न डॉक्टर लोकांनी फार आधीपासून धरलाय आणि तिथंही एक धागा कपड्यांच्या मापाचाच होता.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसवाल्यांचा अभ्यास छापला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढून-उतरून, आणि हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. पुढे १९५६ मध्ये त्याने या लोकांच्या युनिफॉर्मच्या पँटींची मापंच काढली, तर ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या निघाल्या. आता यात लगेच एक शंका येते ना, की मुळात जाड माणूसच ड्रायव्हरच्या सीटकडे जात असेल तर? ही शंका या विषयाच्या मागे आजपर्यंत लागलेली आहे, कारण वस्तीचंही तसंच आहे, ज्याला चालायला आवडतं तो चालण्यासारखी वस्ती शोधतो, मग वस्तीने बारीक केलं की तो आधीच बारीक होता?

नागपूरकडे बघितलं तर गोष्ट जरा जास्त स्पष्ट दिसते. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही आपल्या वस्त्यांची नावंच बाजाराच्या वारांवरून पडलेली, म्हणजे बाजार घराजवळ आणि पिशवी घेऊन पायदळ जायचं. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, मिलचा कामगार भोंग्यावर चालत नाहीतर सायकलने यायचा. दाट घरं, अरुंद गल्ल्या, दुपारीसुद्धा एका बाजूला सावली. पण याच दाटीत रोगराईही होती, प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, नागपूरचा आपला एनआयटी, म्हणजे नागपूर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९३६ च्या कायद्याने. हवा, उजेड, रुंद रस्ते, मोकळे प्लॉट हा सगळा विचार त्यातलाच. विचार चुकीचा नव्हता, साथीच्या रोगांवरचा तो खरंच इलाज होता, फक्त घरं लांब लांब गेली की किराणा, शाळा, भाजीही लांब जाते हे त्या काळात कोणाच्या डोक्यात यायचं कारण नव्हतं. तरी धरमपेठ-गोकुळपेठ ठीक, तिथं मार्केट मधोमध आहे.

खरा फरक पडला तो नंतरच्या लेआऊटांनी. सोसायट्यांनी शेतं घेतली, प्लॉट पाडले, विकले, रस्ता-नाली नंतर बघू. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानंतर हे नियमित करायला घेतलं, ‘५७२ आणि १९०० लेआऊट’ हे अशा लेआऊटांच्या याद्यांचे शब्द नागपूरच्या प्रत्येक प्लॉटवाल्याला आरएल लेटरच्या, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याच्या पत्राच्या, चकरांमुळे पाठ आहेत. मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, कुठंही बघा, दुधाची पिशवी आणायलाही लोक गाडीला किक मारतात (आता बटन दाबतात), फूटपाथ असलाच तर त्यावर पानठेला नाहीतर ट्रान्सफॉर्मर.

बाहेर यावर बरंच काम झालं. अटलांटा शहरातल्या २००४ च्या अभ्यासात दिसलं की रोज गाडीत एक तास जास्त गेला की लठ्ठपणाची शक्यता साधारण ६ टक्क्यांनी वाढलेली. पण वरची ती ड्रायव्हरवाली शंका इथंही होतीच, ती बऱ्यापैकी मिटवली अमेरिकन सरकारच्या एका प्रयोगाने. १९९४ ते १९९८ मध्ये पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या जवळपास ४५०० कुटुंबांची लॉटरी काढली, काहींना कमी गरीब वस्तीत जायला भाड्याचं व्हाउचर दिलं, काहींना नाही. दहा-पंधरा वर्षांनी मोजमाप घेतलं, निकाल २०११ मध्ये आला, ज्यांना चांगल्या वस्तीचं व्हाउचर मिळालं त्यांच्यात अतिलठ्ठपणा आणि डायबेटीस दोन्ही कमी. चिठ्ठीने ठरलेलं असल्यामुळे आवडीनिवडीचा मुद्दाच येत नाही. पण वस्तीतलं नेमकं काय कामी आलं, फूटपाथ, दुकानं, की रात्री न घाबरता बाहेर पडता येणं, ते त्यातून सुटं करता आलं नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं लावता येत नाही हेही खरं. भारतीयांमध्ये बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २३ लाच वजन जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठपणा, कारण चरबी पोटावर लवकर साठते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तर २५ च्या मापानेच शहरी बायकांपैकी ३३ टक्के वर निघाल्या. शिवाय तिकडचे लोक चालण्यासारखी वस्ती मोजताना चौक किती, दुकानं किती, घरं किती दाट ते मोजतात. मे महिन्यात ४७ डिग्रीला सिमेंट रोडवर सावली किती, हे राजेहो आपल्यालाच मोजावं लागेल. म्हणून तर मामी पहाटे साडेपाचला ॲक्टिव्हावर अंबाझरी तलावाला जाते, तिथं चालते आणि ॲक्टिव्हावर परत येते.

चेन्नईत मात्र एका मध्यमवर्गीय कॉलनीने वेगळं केलं, डॉक्टरांनी जागरूकता केल्यावर लोकांनी स्वतःच पैसे जमवून बगिचा बांधला आणि आठवड्यात तीनदापेक्षा जास्त व्यायाम करणारे साधारण १४ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांजवळ गेले. मामीच्या लेआऊटच्या नकाशातही बगिच्याची जागा आहे, हिरव्या रंगात दाखवलेली. सध्या तिथं गिट्टीचा ढीग आहे आणि रात्री दोन ट्रॅक्टर उभे असतात.