पोळ्याचं मेण की मेणबत्तीचं मेण?

गेल्या थंडीत आईच्या टाचांच्या भेगांसाठी मलम करायचं ठरवलं. आजीची कृती तोंडपाठ होती: एक भाग मेण, चार भाग तिळाचं तेल, चिमूटभर राळ. पेठेतल्या एका दुकानात "मेण द्या" म्हटलं, तर पांढरीशुभ्र वडी कागदात गुंडाळून मिळाली. मलम झालं, थिजलंही. चार दिवसांनी डबी उघडली, तर वर तेलाचं तळं आणि खाली रवाळ साका. आईनं बोट बुडवून बघितलं. "हे मेणबत्तीचं मेण हाय की रे!"

दुकानदारानं फसवलं असं म्हणता येणार नाही. मी मेण मागितलं, त्यानं मेण दिलं. दोन्हींना आपल्याकडे नाव एकच, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

पोळ्याचं मेण म्हणजे मधमाशीच्या अंगचं. तरुण कामकरी माशीच्या पोटाखाली आठ ग्रंथी असतात, त्यांतून पातळ खपल्या निघतात. माशी त्या चावून मऊ करते आणि पोळं बांधते. हे मेण मुळात पांढरटच, पण पराग आणि माश्यांनी आणलेला झाडांचा डिंक मिसळून पिवळं होतं. मेणबत्तीचं मेण म्हणजे पॅराफिन. ते खनिज तेलातून येतं, वंगणाचं तेल शुद्ध करताना वेगळं निघतं. कार्ल फॉन रायशेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1830 च्या सुमारास ते लाकडाच्या डांबरातून पहिल्यांदा वेगळं केलं. हा पदार्थ कशाशी संयोग पावेना, म्हणून त्याला लॅटिन शब्दांवरून नाव मिळालं. अर्थ साधारण असा: फारशी सोयरीक नसलेला.

माझ्या मते दोघांमधला सगळा फरक या नावात आलाय. पोळ्याचं मेण सोयरीक करतं. त्यात आम्लं आणि अल्कोहोलं जोडून झालेले एस्टर असतात, त्यामुळे ते तेल धरून ठेवतं, कातडीला बिलगतं. आजीच्या पिढीतल्या बायका कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायच्या आणि त्यावर कुंकू. अंगाच्या उबेनं मेण चिकट होई आणि कुंकू संध्याकाळपर्यंत जागचं हलत नसे. पॅराफिन निव्वळ कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचं, गुळगुळीत आणि अलिप्त. त्यावर कुंकू कसलं टिकतंय! त्याचे स्फटिक मोठे असतात, तेल हळूहळू बाहेर पाझरतं. माझ्या मलमाचं तेच झालं.

ओळखायचं कसं? पाण्यात टाकून बघा असं सांगणारे भेटतील. त्याचा उपयोग नाही, दोन्ही तरंगतात. त्यापेक्षा तुकडा तळहातात दाबून धरा. पोळ्याचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, पण अंगाच्या उबेलाच मळण्याजोगं होतं आणि मधाचा मंद वास सोडतं. पॅराफिन थंडीत कट्‌कन तुटतं, वास जवळजवळ नाहीच. त्याचा वितळण्याचा आकडा प्रतीवर अवलंबून, साधारण 46 पासून 68 पर्यंत. हलक्या प्रतीत तेलाचा अंश जास्त. सोलापुरात मे महिन्यात पारा 43-44 वर गेला, की पत्र्याच्या घरातली मेणबत्ती न पेटवताच मान टाकते ती यामुळे. अर्थात भेसळीचं मेण हातात घेऊन नक्की सांगता येत नाही, आणि पोळ्याच्या मेणात पॅराफिनची भेसळ सर्रास होते.

आपल्या सोलापुरात हा फरक यंत्रमागापर्यंत पोचतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा मागावर घासून तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ देतात. खळीत स्टार्चबरोबर थोडं मेण किंवा चरबी घातली, की धागा निसरडा होतो. पॅराफिन इथं निसरडेपणाला उत्तम. पण पुढे कापड धुताना त्याचा अलिप्तपणा नडतो. चरबीचा अल्कलीत साबण होऊन ती निघून जाते, पॅराफिनचा साबण होतच नाही. ते नीट काढलं नाही, तर त्या जागी रंग धरत नाही. टॉवेल असेल तर तो पाणी टिपायच्या ऐवजी पुढे ढकलतो.

कापडावर मेणाची नक्षी काढून मग ते रंगवणारे बाटिकवाले मात्र दोघांना एकाच भांड्यात नांदवतात. पोळ्याचं मेण लवचीक, ते कापडाला धरून राहतं. पॅराफिन ठिसूळ, त्याला तडे जातात आणि तड्यांतून रंग शिरून त्या नाजूक शिरा उमटतात. शिरा जास्त हव्यात तर पॅराफिन वाढवायचं.

पॅराफिन म्हणजे 'केमिकल', म्हणून वाईट, हे मला पटत नाही. शुद्ध केलेलं पॅराफिन फिजिओथेरपीत आखडलेल्या बोटांना शेक देण्यासाठी वापरतात. मेणबत्ती काजळी धरते तीही बहुतेक वेळा लांब वातीमुळे. वात कापा, मग मेणाला नावं ठेवा.

बाकीची भावंडं थोडक्यात. कार्नोबा ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं, 80 अंशांच्या पुढे वितळणारं, म्हणून गाडीच्या पॉलिशला चमक देतं. सोया मेण म्हणजे सोयाबीनचं तेल हायड्रोजननं घट्ट केलेलं. ते मऊ, म्हणून बहुतेकदा काचेच्या ग्लासात किंवा डबीत ओतून विकतात. आपल्या उन्हाळ्यात तर ग्लासाशिवाय त्याचं काही खरं नाही. आणि पार्लरमधलं साखर-लिंबाचं 'वॅक्स' हे मेणच नव्हे, तो पाक आहे.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा "पोळ्याचं मेण" असं स्पष्ट मागितलं, दाबून, हुंगून घेतलं. मलम जमलं. पहिली पांढरी वडीही वाया गेली नाही. आजीच्या सागवानी कपाटाचा खण पावसाळ्यात अडकायचा, त्याच्या कडांना तिच्या दोन रेघा ओढल्या. आता तो एका बोटानं सरकतो.