दुसरं दुकान, मालक तोच

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, ॲमेझॉन नको, पुस्तकं घ्यायला दुसरी भरवशाची साईट सांगा. मग आपण सगळे उत्साहाने नावं सांगत सुटतो आणि त्यातली निम्मी शेवटी ॲमेझॉनचीच निघतात. मी स्वतः कितीतरी वर्षं बुक डिपॉझिटरीवरून पुस्तकं मागवायचो आणि वर कॉलर ताठ करून सांगायचो की मी नाही बाबा त्या मोठ्या कंपनीला पैसे देत. इंग्लंडहून यायचं पार्सल, डिलिव्हरी फुकट, तीन-चार आठवडे लागायचे पण पोस्टमन घरी आणून द्यायचा, आत एक रंगीत बुकमार्क असायचा. ती कंपनी २०११ सालीच ॲमेझॉनने विकत घेतली होती हे मला खूप उशिरा कळलं.

तर हे असं का होतं, पर्याय म्हणून जिथे जावं तिथे आतल्या खोलीत तोच शेठ बसलेला का असतो, ते नीट कळायला जरा मागे जावं लागतं.

जेफ बेझोसने १९९४ मध्ये ॲमेझॉन ही कंपनी काढली आणि १९९५ च्या जुलैत साईट उघडली. पुस्तकंच का, तर पुस्तकांची शीर्षकं लाखोंनी असतात, तेवढी कुठल्याच दुकानात मावत नाहीत, आणि पुस्तक टपालाने पाठवलं तरी फुटत नाही की नासत नाही. गाव सिएटल निवडलं, त्यातही हिशोब होता. शेजारच्या ओरेगन राज्यात इन्ग्रॅम या पुस्तकांच्या बड्या होलसेलरचं गोदाम होतं. शिवाय १९९२ चा अमेरिकन सुप्रीम कोर्टाचा निकाल होता, की ज्या राज्यात तुमचं दुकान किंवा माणसं नाहीत तिथल्या गिऱ्हाईकाकडून विक्रीकर गोळा करायची सक्ती तुमच्यावर नाही, म्हणजे कमी वस्तीच्या राज्यात बसलं की बाकी देशात माल आपोआप थोडा स्वस्त पडतो. कोपऱ्यावरच्या पुस्तकवाल्याला मात्र कर लावावाच लागायचा. हा निकाल बदलायला २०१८ उजाडलं! इन्ग्रॅमचं नाव तेवढं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

लोकांना वाटतं की ऑनलाईन पुस्तकं विकायची कल्पना ॲमेझॉनचीच. तसं नाहीये. ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स स्टॅकने बुक स्टॅक्स नावाचं दुकान १९९२ लाच काढलं होतं, त्यात गिऱ्हाईक आधी मॉडेमने फोन लावून शिरायचं. आणि जुन्या पुस्तकांच्या बाबतीत तर खरी गंमत वेगळ्याच ठिकाणी चालली होती. कॅनडातल्या व्हिक्टोरिया गावात दोन जोडप्यांनी मिळून १९९५-९६ च्या सुमारास एबबुक्स सुरू केलं. स्वतःकडे एकही पुस्तक न ठेवता जगभरच्या जुन्या पुस्तकवाल्यांची यादी एका जागी आणायची, एवढीच आयडिया. म्हणजे आपल्या फोर्टमधल्या फुटपाथवरचे सगळे विक्रेते एकाच कॅटलॉगमध्ये आले तर कसं, तसं. बर्कलीत शिकणाऱ्या अनिर्वाण चॅटर्जीने १९९७ मध्ये बुकफाइंडर काढलं, त्यात एक पुस्तक टाकलं की सगळ्या साईटवरचे भाव शेजारीशेजारी दिसायचे. जुनी पुस्तकं शोधणाऱ्याला याहून मोठं सुख नव्हतं.

मग २००५ मध्ये एबबुक्सने बुकफाइंडर घेतलं, आणि २००८ मध्ये ॲमेझॉनने एबबुक्स घेतलं. भाव तुलना करायची साईटही त्यातच आली! म्हणजे बाजारात दहा ठिकाणी भाव विचारून यायला ज्या पोऱ्याला पाठवायचं तोच एका दुकानदाराच्या पगारावर. (साईट अजून दुसऱ्यांचेही भाव दाखवते, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. मी अजून वापरतो.) २०१३ मध्ये गुडरीड्सही घेतलं, म्हणजे कुठलं पुस्तक वाचावं याची चर्चा जिथे चालायची तो कट्टाही गेला.

मोठ्या दुकानांनी काय केलं हा तर वेगळाच अध्याय आहे. अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या साखळीने निदान लढाई केली, १९९७ मध्ये स्वतःची साईट काढली आणि ॲमेझॉन स्वतःला जगातलं सर्वात मोठं पुस्तकाचं दुकान म्हणवतं म्हणून कोर्टातही गेले. उलट ॲमेझॉनने १९९९ मध्ये एका क्लिकमध्ये खरेदी या युक्तीचं पेटंट दाखवून बार्न्स अँड नोबललाच कोर्टात खेचलं आणि डिसेंबरात, ऐन नाताळच्या खरेदीत, मनाईहुकूम मिळवला, त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाईकाला एक जास्तीचं बटण दाबावं लागायला लागलं. एका क्लिकचं पेटंट! पण त्याहून चक्रावून टाकणारी गोष्ट बॉर्डर्सची. अमेरिकेतली दुसऱ्या नंबरची पुस्तकांची साखळी, आणि त्यांनी २००१ मध्ये ठरवलं की वेबसाईटची कटकट आपल्याला नको, ॲमेझॉनच चालवेल. सात वर्षं बॉर्डर्सच्या नावाने ऑर्डर देणारा माणूस प्रत्यक्षात ॲमेझॉनलाच ऑर्डर देत होता. २००८ मध्ये जाग आली, २०११ मध्ये दिवाळं वाजलं आणि सगळी दुकानं बंद. इंग्लंडच्या वॉटरस्टोन्सनेही २००१ ते २००६ हाच उद्योग केला होता, फक्त ते वाचले.

बुक डिपॉझिटरी यातच येते. २००४ मध्ये ग्लॉस्टरला सुरू झाली, सुरू करणाऱ्या दोघांपैकी अँड्र्यू क्रॉफर्ड हा आधी ॲमेझॉनमध्येच होता. शंभराहून जास्त देशांत फुकट टपाल, म्हणून भारतातल्या, आखातातल्या, ऑस्ट्रेलियातल्या वाचकांना ती देवासारखी वाटायची. २०११ च्या जुलैत ॲमेझॉनने ती घेत असल्याचं जाहीर केलं, ब्रिटिश प्रकाशकांनी आणि पुस्तकवाल्यांनी आरडाओरडा केला, पण तिथल्या स्पर्धा बघणाऱ्या सरकारी ऑफिसने ऑक्टोबरात मंजुरी दिली. बारा वर्षं नाव तेच, बुकमार्क तेच. आणि मग २०२३ च्या एप्रिलमध्ये, ॲमेझॉनची खर्चकपात चालू होती त्यात, २६ तारखेला ती बंदच केली. आता बरेच जण ब्लॅकवेल्स सुचवतात. ऑक्सफर्डचं १८७९ पासूनचं दुकान, पण तेही २०२२ मध्ये वॉटरस्टोन्सने घेतलं, आणि वॉटरस्टोन्स आणि बार्न्स अँड नोबल या दोघांचा मालक एलियट नावाचा गुंतवणूक फंड आहे. असो, निदान मालक वेगळा आहे!

एकदा मात्र विक्रेत्यांनी चांगलाच हिसका दाखवला. २०१८ च्या शेवटी एबबुक्सने झेक प्रजासत्ताक, हंगेरी, रशिया, दक्षिण कोरिया अशा काही देशांतल्या दुकानदारांना कळवलं की तुम्हाला आता इथे विकता येणार नाही. कारण काय तर पैसे पोचवणाऱ्या कंपनीची अडचण. यावर २७ देशांतल्या जवळपास सहाशे जुन्या पुस्तकवाल्यांनी आपली पस्तीस लाखांहून जास्त पुस्तकं साईटवरून तात्पुरती काढून घेतली. जुन्या पुस्तकांची माणसं, एरवी एकमेकांशी दोन शब्द बोलत नाहीत, पण दोन-तीन दिवसांत कंपनीला माघार घ्यावी लागली.

आता आपल्याकडे. आपल्याकडे हा भरवशाचा प्रश्न इंटरनेटच्या कितीतरी आधी सुटला होता, टपालखात्याने सोडवला होता. व्हीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल. प्रकाशकाला पोस्टकार्ड टाकायचं, पुस्तक आलं की पोस्टमनला पैसे देऊन व्हीपी सोडवून घ्यायची. पैसे आधी पाठवायचे नाहीत म्हणून गिऱ्हाईकाला भीती नाही, आणि पैसे टपालखातं गोळा करणार म्हणून प्रकाशकालाही नाही. (व्हीपी न सोडवणारी माणसं हा प्रकाशकांचा कायमचा डोकेदुखीचा विषय, ते वेगळं.) २००७ मध्ये बेंगळुरूत सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी फ्लिपकार्ट काढलं, दोघं ॲमेझॉनमधलेच, आणि सुरुवात पुस्तकांपासूनच. त्यांनी २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी आणली आणि लोक एकदम हुरळून गेले, पण माझ्या आईला विचाराल तर ती म्हणेल ही व्हीपीच की, फक्त पोस्टमनचा शर्ट बदलला.

ॲमेझॉन भारतात २०१३ च्या ५ जूनला उतरलं, पुन्हा पुस्तकं आणि सिनेमांच्या डीव्हीडी घेऊन. इथे एक भानगड आहे. आपल्या परकीय गुंतवणुकीच्या नियमांनुसार परदेशी कंपनीला ऑनलाईन स्वतःचा माल थेट गिऱ्हाईकाला विकता येत नाही, फक्त बाजार मांडता येतो, विकणारा वेगळा पाहिजे. म्हणून आपल्याकडे प्रत्येक पुस्तकाखाली कुठल्यातरी सेलरचं नाव असतं. त्यातला सगळ्यात मोठा एक होता क्लाउडटेल, आणि ते काय तर नारायण मूर्तींची कॅटामरान ही गुंतवणूक कंपनी आणि ॲमेझॉन यांची भागीदारी! २०१८ च्या डिसेंबरात सरकारने नियम आणखी आवळले, शेवटी २०२२ मध्ये ती भागीदारी संपली. फ्लिपकार्ट म्हणजे देशी पर्याय असं म्हणणाऱ्यांसाठी, २०१८ मध्येच ७७ टक्के हिस्सा अमेरिकेच्या वॉलमार्टने १६ अब्ज डॉलरला घेतला. आणि पुस्तकवेड्यांना लागलेला धक्का वेगळाच होता: टाटांच्या ट्रेंटकडून घेतलेली वेस्टलँड ही प्रकाशनसंस्था ॲमेझॉनने २०२२ च्या फेब्रुवारीत बंद करत असल्याचं जाहीर केलं, लेखक आणि वाचक घाईघाईने प्रती गोळा करत फिरत होते. नंतर ती टीम प्रतिलिपी या ऑनलाईन कथा-कादंबऱ्यांच्या कंपनीसोबत परत उभी राहिली.

सेलर वेगळा असण्याचा त्रास मला एकदा चांगलाच झालाय. एका मोठ्या साईटवरून (नाव नको) एक मराठी कादंबरी निम्म्या किमतीत घेतली, आली तेव्हा कागद वर्तमानपत्राचा, छपाई फिकी, पान १६० नंतर एकदम १७७. सरळ पायरेटेड. साईट म्हणाली सेलरला विचारा, आणि सेलर म्हणजे एक नाव आणि एक पिनकोड. २०२० च्या जुलैत ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले त्यात आता साईटने सेलरचं नाव-पत्ता दाखवायला हवा, तक्रार अधिकारी नेमायला हवा, ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल द्यायला हवा. नसेल जमत तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे.

फ्रान्सने दुसरीच वाट धरली. तिथे १९८१ च्या कायद्यानुसार नव्या पुस्तकावर ५ टक्क्यांपेक्षा जास्त सूट देताच येत नाही, ऑनलाईन असो की गल्लीतलं दुकान. २०१४ मध्ये फुकट डिलिव्हरीवर बंदी आली तर ॲमेझॉनने डिलिव्हरीचे पैसे लावले, एक सेंट. मग २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३५ युरोच्या आतल्या ऑर्डरला कमीत कमी ३ युरो डिलिव्हरी घ्यायचीच असा नियम आला.

आणि अमेरिकेत २०२० च्या जानेवारीत अँडी हंटरने बुकशॉप डॉट ऑर्ग काढलं. तुम्ही तुमच्या गावातलं दुकान निवडून ऑर्डर दिली की छापील किमतीच्या ३० टक्के त्या दुकानाला, दुकान न निवडता घेतलं तर १० टक्के सगळ्या छोट्या दुकानांच्या सामायिक गल्ल्यात. दोन महिन्यांत कोरोनाने दुकानं बंद पाडली आणि ही साईट कित्येकांचा आधार झाली. माझी मामेबहीण न्यू जर्सीत असते, ती आता यावरूनच घेते. गंमत म्हणजे त्यांची पुस्तकं येतात कुठून, तर त्याच इन्ग्रॅमच्या गोदामातून! पण कंपनीच्या घटनेतच लिहून ठेवलंय की ही कंपनी ॲमेझॉनला किंवा कुठल्याही बड्या अमेरिकन रिटेलरला कधी विकता येणार नाही. एबबुक्स आणि बुक डिपॉझिटरीचं काय झालं ते बघून कोणीतरी शहाणं झालं म्हणायचं.

ही साईट भारतात पुस्तकं पाठवत नाही. मराठीसाठी मी पुण्याची बुकगंगा बघतो, नाहीतर सरळ अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदाराला व्हॉट्सॲप. सूट १० टक्के, कधी तीही नाही. डिलिव्हरीचा खर्च हीच कायम रड होती, कारण शंभर रुपयांच्या कवितासंग्रहाला कुरिअरचे साठ कोण देणार, पण २०२५ च्या मे महिन्यापासून टपालखात्याने ज्ञान पोस्ट सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १००, वर कर. त्या पायरेटेड कादंबरीची खरी प्रत मी अशीच मागवली. दुकानदाराने आधी विचारलं, "साहेब, कुठली आवृत्ती पाहिजे?" आणि मग मुखपृष्ठाचा, आतल्या पानाचा आणि १६१ नंबरच्या पानाचा फोटो पाठवला, कारण माझी आधीची रडकथा मी त्यांना सांगितली होती.