हलक्याफुलक्या रहस्यकादंबऱ्या व त्यांची पारायणे

हलकीफुलकी रहस्यकादंबरी : खून, चोरी किंवा बेपत्ता माणूस यांभोवती रचलेली, पण रक्तपात पडद्याआड ठेवणारी आणि संपल्यावर मन प्रसन्न करणारी कादंबरी. इंग्रजी वाचक या प्रकाराला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. कथानक बहुधा एखाद्या छोट्या गावात किंवा सगळे एकमेकांना ओळखतात अशा वस्तीत घडते. शोध घेणारी व्यक्ती सहसा पोलिसखात्यातली नसते आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच. गुन्हेगार कोण हे ठाऊक असूनही वाचक त्याच कादंबरीची पारायणे करतात. या प्रकाराची ताकद समजून घ्यायची तर याच सवयीकडे पाहावे लागते.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटनमध्ये या प्रकाराला आकार आला. अगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) यांची मिस मार्पल १९२७ मध्ये एका लघुकथेत आणि १९३० मध्ये प्रथमच कादंबरीत आली. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी ही अविवाहित वृद्धा विणकाम करते, बाग राखते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांवर बारीक नजर ठेवते. एखादा संशयित तिला गावातल्या कुणाची तरी आठवण करून देतो आणि त्या साम्यावरून ती माणूस ओळखते. इतरांना ज्या गावगप्पा वाटतात, तो तिच्या लेखी पुरावा असतो. तिच्यावर १२ कादंबऱ्या आहेत.

याच सुमारास या खेळाचे नियमही लिहिले गेले. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा त्याच क्षणी वाचकालाही दिसला पाहिजे, हा त्यांतला सर्वांत मोलाचा. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ सुरू झाला. १९३५ मध्ये पेंग्विनने सहा पेन्सांत पुस्तके विकायला काढली, तेव्हा पहिल्या दहांत दोन रहस्यकादंबऱ्या होत्या, हिरव्या मुखपृष्ठाच्या.

कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये या प्रकारावर एक निबंध लिहिला. रहस्यकथा हे आपले तंबाखू-दारूसारखे व्यसन आहे, असे ते मोकळेपणाने सांगतात. त्यांच्या मते अशा कथेतले गाव मुळात निष्पाप असते. खुनामुळे ते डागाळते आणि गुप्तहेर त्याला पूर्वीचे निर्मळपण मिळवून देतो. वाचलेली रहस्यकथा मात्र आपल्याला पुन्हा वाचवत नाही, असेही ते म्हणतात. त्यांच्या विवेचनाला तोड नाही, पण हा शेवटचा भाग असंख्य वाचकांच्या अनुभवाशी जुळत नाही. समाधान विस्कटलेली घडी पुन्हा बसण्यात असेल, तर खुन्याचे नाव कळल्याने ते संपायचे कारण नाही. घडी बसणार ही खात्री असल्यामुळेच आजारपणात, प्रवासात किंवा मन थाऱ्यावर नसताना हात नव्या पुस्तकाऐवजी जुन्याकडे जातो.

ख्रिस्तींची १९५० सालची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ हे याचे उत्तम उदाहरण. अमुक शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला ‘लिटल पॅडॉक्स’ या घरी खून होणार आहे, अशी जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते आणि शेजारी काहीबाही निमित्ते काढून तिथे जमतात. पहिल्या वाचनात आपण पुढे काय होणार म्हणून धावत असतो. पुढे एका पात्राच्या लाडक्या नावातला एकच स्वर अधूनमधून बदलतो आणि छापखान्याची चूक समजून आपण तो सोडून देतो. दुसऱ्यांदा तीच अक्षरे आली की लेखिकेने सगळे उघड्यावर मांडले होते हे कळते आणि तिच्या हातचलाखीला मनापासून दाद द्यावीशी वाटते. त्यातला केकचा प्रसंगही असाच. युद्ध संपून पाच वर्षे झाली तरी ब्रिटनमध्ये साखर आणि लोणी रेशनवरच होते. अशा दिवसांत निर्वासित स्वयंपाकीण मिट्झी वाढदिवसासाठी लोणी, साखर, चॉकलेट घालून भरघोस केक करते. पहिल्यांदा आपण त्या केककडे संशयाने पाहतो. पारायणात मात्र त्या टेबलाभोवतीच्या माणसांची हौस आणि त्यांचे एकटेपण दिसू लागते.

शेवट आधी कळल्याने गोडी जाते का, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील दोन मानसशास्त्रज्ञांनी तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत शेवट आधी सांगितलेल्या कथा वाचकांना, रहस्यकथांसह, सरासरीने अधिक आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले आहेत.

अलीकडे या प्रकारात खुनाचे महत्त्व आणखी घटले आहे. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांच्या १९९८ पासूनच्या मालिकेतली बोट्स्वानाची प्रेशस रमोट्स्वे वडिलांकडून आलेली गुरे विकून गुप्तहेर संस्था काढते. तिच्याकडे येणारी कामे बहुतेक संशय, फसवणूक आणि दुरावलेली नाती यांचीच असतात. लाल रूइबॉस चहा पीत ती समोरच्याचे ऐकून घेते, आणि अनेकदा तेवढ्यानेच अर्धे काम होते. रिचर्ड ऑस्मन यांच्या २०२० सालच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’मध्ये केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतले चार ज्येष्ठ दर गुरुवारी जुनी प्रकरणे उकलायला बसतात. वार्धक्य, विस्मरण, जोडीदाराचे जाणे हे सारे त्यात आहे, तरी वाचक उदास होत नाही.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांचे झुंजार, धनंजय हे नायक मात्र थरार आणि धाडस यांच्या अंगाने जाणारे. या नोंदीतल्या प्रकाराला जवळचा आहे तो भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला किडकिडीत बनेश सायकलवर टांग टाकून संकटात शिरतो आणि ‘ट्टॉक्’ करत त्यातून बाहेर पडतो. लहानपणी साहसासाठी वाचलेली ही पुस्तके मोठेपणी पुन्हा वाचली जातात ती भागवतांच्या खेळकर भाषेसाठी आणि सायकलींच्या त्या पुण्यासाठी.