पर्सनल ट्रेनर

पर्सनल ट्रेनर म्हणजे एका वेळी एकाच माणसाला, त्याचं वय, दुखणी, कामाच्या वेळा आणि त्याला काय हवंय हे बघून व्यायाम शिकवणारा आणि करवून घेणारा. जिममध्ये याला नुसतं 'पीटी' म्हणतात, 'पीटी लावलीस का?' असं विचारतात. फ्लोअरवर सगळ्यांकडे थोडं थोडं बघणारा जनरल ट्रेनर वेगळा, पीटीची फी मेंबरशिपच्या वर वेगळी असते.

हे नातं आपल्याकडे जुनंच आहे. तालमीत वस्ताद हेच करायचा, कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत आजही करतो, पट्ठ्याने जोर-बैठका किती मारायच्या, खुराक काय, कुणाबरोबर लढत करायची हे सगळं तोच ठरवतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचं श्री समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) अशा संस्थांनी कुस्ती न खेळणाऱ्यांनाही शिस्तीत व्यायाम शिकवला. पण वस्ताद पट्ठ्याला लहानपणापासून ओळखायचा आणि पीटी तुम्हाला सोमवारी पहिल्यांदा भेटतो आणि गुरुवारी तुमच्या खांद्यावर बार ठेवतो, एवढ्या कमी ओळखीवर शरीर त्याच्या हातात द्यायचं तर निवड नीट करायला लागते.

भारतात ट्रेनर व्हायला डॉक्टर-वकिलासारखं सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे चौकशी आपणच करायची. एसीई, एसीएसएम, एनएससीए या अमेरिकन संस्थांची सर्टिफिकेटं इथे चालतात, काहींचं बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) झालेलं असतं. या सर्टिफिकेटना मुदत असते, दोन-तीन वर्षांनी रिन्यू करावी लागतात, म्हणून तारीख बघा आणि सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) येतं का ते विचारा. दंड बघून मात्र ट्रेनर ठरवू नका. त्याचे दंड ही त्याची स्वतःची मेहनत झाली, दुसऱ्याला शिकवता येणं ही वेगळी विद्या आहे. त्यापेक्षा तुमच्या वयाची, तुमच्यासारखी दुखणी असलेली माणसं त्याच्याकडे किती महिने टिकलीत ते बघा.

खरी परीक्षा पहिल्या दिवशी होते. चांगला ट्रेनर वजन उचलायला लावायच्या आधी प्रश्न विचारतो. यासाठी पार-क्यू प्लस नावाचा फॉर्म जगभर वापरतात, त्यात पहिल्याच पानावर ७ प्रश्न आहेत, हृदयाचा त्रास किंवा बीपी, छातीत दुखणं, चक्कर, चालू औषधं, सांधेदुखी असे. औषधांचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. बीपीसाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी मेहनतीच्या मानाने वाढतच नाही, म्हणजे घड्याळात पल्स बघून व्यायाम दिला तर फसगत होते, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर व्यायामात एकदम उतरू शकते.

माझ्या आईचं उदाहरण सांगते. वय ५८, गुडघे दुखायचे. पहिल्या ट्रेनरने काही न विचारता पहिल्याच दिवशी १०० बैठका काढायला लावल्या, तिला चार दिवस जिना उतरता येईना आणि तिने जिमच सोडली. वर्षभराने एक ताई घरी यायला लागल्या. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची मागितली, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "काकू, बसा, आणि हात न टेकवता उठा." स्वतः समोर उकिडव्या बसून गुडघ्यांकडे बघत होत्या. मग वहीत लिहिलं : खुर्ची, ८ वेळा, डावा गुडघा आत जातो, सहाव्याला श्वास धरला. पुढच्या वेळी सुरुवात त्या डाव्या गुडघ्यापासून झाली. चार महिन्यांनी आई दोन्ही हातात ५-५ किलोचे डंबेल घेऊन त्याच खुर्चीवरून उठत होती, आणि त्या दिवाळीला तिने खाली बसून रांगोळी काढली.

पीटीचं अर्धं काम त्या वहीत असतं. शरीराला आधीपेक्षा थोडं जास्त काम दिलं तरच ताकद वाढते, याला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोड म्हणतात, १० किलो सलग ८ वेळा उचलायला जमलं की १० वेळा करायचं, मग १२ वेळा, मग साडेबारा किलो घेऊन परत ८ पासून. मागच्या वेळचा आकडाच लिहिलेला नसेल तर पुढचा कशावरून ठरवणार? रोज नवीन व्यायाम देऊन घाम काढणारे बरेच भेटतात, त्याने दमायला होतं पण पुढे जायला होत नाही.

रोज पीटी लागते असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनेत मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगितलाय. म्हणजे ताकदीचे दोन दिवस ट्रेनरबरोबर आणि बाकीचं भरभर चालणं आपलं आपण, एवढ्यात भागतं.

दुखलं तर लगेच सांगायचं, 'सर काय म्हणतील' म्हणून गप्प बसायचं नाही. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकतात ते चालतं, पण सांध्यात कळ, छातीत दाब किंवा चक्कर आली की तिथेच थांबायचं, आणि स्नायू फार सुजून लघवी चहाच्या रंगाची झाली तर ताबडतोब डॉक्टर. पोश्चर सुधारायला हात लावायच्या आधी ट्रेनरने विचारलं पाहिजे, नको म्हटलं तर तोंडी समजावता आलं पाहिजे.

डाएटचं साधं बोलणं ठीक, पण डायबिटीस किंवा किडनीचा त्रास असेल तर डाएटिशियनकडेच जा. प्रोटीन पावडरचा डबा घ्यायच्या आधी हिशोब करा : आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला सुमारे ५४ ग्रॅम, व्यायाम जास्त असेल तर गरज वाढते, पण सुरुवात उसळ, डाळ, दही, अंडी इथूनच करायची. बॉडी बनवायला स्टिरॉइड वगैरेच्या इंजेक्शनचं नाव काढणाऱ्या ट्रेनरला त्याच दिवशी सोडा.

पैसे बहुतेक वेळा १२ किंवा २४ सेशनच्या पॅकेजचे असतात आणि त्याला एक्सपायरी असते, म्हणून ट्रेनर मध्येच जिम सोडून गेला तर काय, आजारपणात सेशन पुढे ढकलता येतात का, हे लिहून घ्या.

वस्ताद सगळे डाव शिकवून एक राखून ठेवतो म्हणतात. पीटीने तसं करू नये, सहा-आठ महिन्यांत वॉर्मअप, व्यायामाची बरोबर पद्धत, वजन कधी वाढवायचं हे तुमचं तुम्हाला कळलं पाहिजे. आईच्या ताई आता महिन्यातून एकदाच येतात, वही आई स्वतः लिहिते आणि त्या आल्या की आधी मागचं पान उघडून दाखवते.