जलसंजीवनी (मीठ-साखरेचं पाणी)

जुलाब लागल्यावर शरीरातून जे पाणी आणि क्षार निघून जातात ते तोंडावाटे भरून काढायचं द्रावण म्हणजे जलसंजीवनी, मेडिकलमध्ये मागताना ओआरएसची पुडी. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ संडास झाली तर त्याला जुलाब म्हणायचं असा वैद्यकातला ढोबळ नियम आहे. पेपरात ज्याला सरसकट गॅस्ट्रो म्हणतात त्यातलं बरंचसं याच खात्यात येतं. जलसंजीवनीने जुलाब थांबत नाहीत, तिने माणूस सुकत नाही. हे लक्षात न घेता "दोन ग्लास पाजलं तरी फरक नाही" म्हणून लोक ती सोडून देतात आणि तिथेच घोळ होतो.

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत ओढतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. पटकीचं (कॉलराचं) विष आतड्यातून पाणी बाहेर फेकायला लावतं खरं, पण हा रस्ता ते बंद करत नाही, म्हणून नुसत्या मिठाच्या पाण्याने जे जमत नाही ते साखर घातल्यावर जमतं. रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञांनी सोडियम-ग्लुकोजच्या या जोडीची कल्पना 1960 साली प्रागच्या परिषदेत मांडली.

जलसंजीवनीचा शोध कोणाचा यावर मात्र एकमत नाही. काही लेखांत थेट सुश्रुतसंहितेपर्यंत मागे जातात, जुलाबात सैंधव आणि गूळ घातलेलं कोमट पाणी तिथे सांगितलंय म्हणून. संहितेच्या उत्तरतंत्रात अतिसारावर स्वतंत्र अध्याय (40 वा) आहे, चरकाच्या चिकित्सास्थानात 19 वा अध्याय त्यावरच आहे, आणि चरक तर भीतीने आणि शोकाने होणारे जुलाबही वेगळे मोजतो (परीक्षेच्या सकाळी ज्यांचं पोट बिघडतं त्यांना हे पटेल). पण सुश्रुतसंहितेचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकापासून इ.स. तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत कुठेही धरतात, शिवाय आयुर्वेदात सुरुवातीला लंघनावर (उपाशी ठेवण्यावर) भर आहे, तेव्हा आजच्या ओआरएसचा उगम तिथे शोधणं जरा ताणल्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा भक्कम दावा हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांचा. कलकत्त्याच्या या डॉक्टरांनी पटकीच्या 186 रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडाने देऊन सांभाळल्याचा लेख 1953 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उलटी थांबवायला त्यांनी एका पाल्याचा रस वापरला होता, तो म्हणजे आपल्याकडे कुंड्यांत लावतात तो पानओवा. पण त्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, शरीरातून किती गेलं आणि किती भरलं याचा काटेकोर हिशोब नव्हता, त्यामुळे बाहेर फारशी दखल घेतली गेली नाही. तो हिशोब मांडून दाखवला 1968 मध्ये ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश या अमेरिकन डॉक्टरांनी. आणि 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या (पश्चिम बंगाल) छावणीत सलाइनच्या बाटल्या संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, लिटरला 22 ग्रॅम, 3.5 ग्रॅम आणि 2.5 ग्रॅम या मापाने, पिंपांत द्रावण केलं आणि नातेवाइकांच्याच हातून पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चारच्या खाली आल्याचं सांगतात. शोधाचं श्रेय एकट्या माणसाला देणं अवघडच आहे, पण डॉक्टर-नर्सशिवाय घरचा माणूसही हे करू शकतो हे सिद्ध झालं ते बनगावला, आणि या नोंदीच्या दृष्टीने तेच मोठं. महालनबीस 2022 मध्ये वारले, पद्मविभूषण 2023 मध्ये मरणोत्तर मिळालं.

जागतिक आरोग्य संघटनेचं आजचं सूत्र 2002 पासूनचं, आधीपेक्षा पातळ. एका लिटरला मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5, पोटॅशियम क्लोराइड 1.5 आणि ट्रायसोडियम सायट्रेट 2.9. घरी करताना उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घरची साखर पोटात फुटून निम्मी ग्लुकोज होते, म्हणून सहा चमच्यांतून साधारण तेवढंच ग्लुकोज मिळतं. सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग उतरवलेला, कारण शीग लावून भरलेल्या चमच्यात मीठ सहज दीडपट जातं. साखर वाढली तर आतड्यात उलट पाणी खेचलं जाऊन जुलाब वाढतात. पोटॅशियम या घरगुती पाण्यात नसतंच, तेव्हा केळं, नारळपाणी जोडीला हवं. आणि पुडीवर एक लिटर लिहिलंय की 200 मिली ते आधी वाचायचं, मोठी पुडी एका ग्लासात ओतली की बाळाच्या रक्तातलं मीठ धोकादायक वाढू शकतं. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या हेही नको. केलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ संडासनंतर 50 ते 100 मिली, दहा वर्षांपर्यंत 100 ते 200, मोठ्यांनी हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने परत सुरू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आजी लोक "पोटाला विश्रांती दे" म्हणतात, पण मुलांचं खाणं तोडू नये असंच आता मानतात, मऊ भात, मुगाची खिचडी, पेज, ताक चालतं. मुलांना झिंक 10 ते 14 दिवस, सहा महिन्यांवर रोज 20 मिग्रॅ, त्याखाली 10, डॉक्टरांना विचारून. संडास बंद करायच्या गोळ्या मुलांना नकोत, रक्त पडत असेल तर मोठ्यांनीही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

डोळे खोल, टाळू बसलेली, लघवी सहा-आठ तास नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश मागे जाते, मूल मलूल, काही पाजलं की उलटी, संडासात रक्त, यातलं काही दिसलं तर घरी बसू नये.

पुणे भागातल्या जुलाब-पटकीच्या जुन्या नोंदी तुटक आहेत. पंढरपूरची यात्रा आणि पटकी ही जोडी इंग्रजी अमदानीच्या सरकारी कागदांत वारंवार दिसते, गावोगावची मरीआई त्याच धास्तीची. घरोघरी तेव्हा काय पाजत होते याची माहिती त्या मानाने तुरळक. अलीकडचं बघायचं तर लहान मुलांना जुलाब लावणाऱ्या रोटाव्हायरसवरची रोटासिल ही लस पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची, सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसचे डोस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असतात. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गिलन-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांवर परिणाम होऊन हातपाय दुबळे पडण्याचा आजार) रुग्ण एकदम वाढले, त्यातल्या बऱ्याच जणांना आधी जुलाब झालेले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. त्यानंतर पाय जड पडणं, मुंग्या येणं, चालताना तोल जाणं हेही जुलाबानंतरच्या धोक्याच्या खुणांत लोक धरायला लागले, आणि ते बरोबरच आहे.

ओआरएस नाव लावलेली गोड पेयं हा वेगळा विषय. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या लेबलवर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्यांत साखर भरपूर आणि मीठ कमी असल्याने जुलाबात ती जलसंजीवनीची जागा घेत नाहीत. मेडिकलमधून आणताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते बघावं.