‘वाटते’ आणि ‘वाटते की’

‘मी माझ्या भावना स्पष्ट बोलून दाखवल्या, तरी घरात भांडणच झालं,’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा एवढेच विचारते, की तुम्ही नेमके कोणते वाक्य बोललात? उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: ‘मी म्हटलं, मला वाटतं की तुम्हाला माझी काही पर्वाच नाही.’ कोल्हापुरात समुपदेशनाचे काम करताना गेली चौदा वर्षे मी हे वाक्य ऐकत आले आहे. कधी ते सासूसाठी असते, कधी नवऱ्यासाठी, कधी कारखान्यातल्या साहेबांसाठी. या वाक्यात भावना कोठेही नाही. त्यात एक मत आहे, आणि तेही दुसऱ्याच्या मनात काय आहे याविषयीचे. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या मनात काय चालले आहे, याचा त्यात पत्ताच लागत नाही.

या गोंधळात आपल्या भाषेचाही वाटा आहे. मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘पाऊस येईल असे वाटते’ यातले वाटणे म्हणजे अंदाज, आणि ‘भीती वाटते’ यातले वाटणे म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. शब्द एकच असल्यामुळे बोलता बोलता आपण एकातून दुसऱ्यात कधी शिरलो, हे आपले आपल्यालाही कळत नाही.

मत म्हणजे काय, हे वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. बिंदू चौकात पाच मिनिटे उभे राहिले तरी फुटबॉलच्या संघांपासून तांबड्या रश्श्यापर्यंत दहा मते कानांवर पडतात. मत बरोबर असते किंवा चूक असते, त्याला पुरावा मागता येतो आणि ते बदलता येते. भावना आणि मनःस्थिती किंवा भावना आणि स्वभाव यांतल्या फरकांवरही मी फार थांबणार नाही. भावना क्षणांची किंवा तासांची असते, मनःस्थिती त्याहून लांबते आणि स्वभाव वर्षानुवर्षे टिकतो, एवढे माहीत असले तरी रोजच्या जगण्यात कोणाचे अडत नाही. अडते ते मत आणि भावना यांची गल्लत झाल्यावर.

पहिली खूण अगदी सोपी आहे. ‘वाटते’च्या पुढे ‘की’ आला आणि त्यामागून सबंध वाक्य आले, तर ते मत समजावे. ‘वाटते’च्या आधी भीती, लाज, काळजी, हेवा, कौतुक, वाईट असा एखादा शब्द चपखल बसला, तर ती बहुधा भावना समजावी. ही खूण बहुतेकांना एका बैठकीत समजते आणि खरी फसगत त्यानंतर सुरू होते. माणसे ‘की’ टाळायला शिकतात आणि त्याच्या जागी ‘सारखे’ आणतात. ‘मला डावलल्यासारखं वाटतं.’ ‘फसवल्यासारखं वाटतं.’ ‘वापरून फेकल्यासारखं वाटतं.’ ऐकायला ही वाक्ये हळवी आहेत, ती म्हणताना डोळ्यांत पाणीही येते, आणि म्हणूनच ती भावना म्हणून खपून जातात. पण डावलणे, फसवणे, वापरणे ही दुसऱ्याने करायची कामे आहेत. या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक कर्ता लपलेला आहे आणि तो नेहमी समोरचा माणूस असतो. म्हणून ऐकणाऱ्याला भावना ऐकूच येत नाही. त्याला आरोप ऐकू येतो, आणि आरोप झालेला माणूस स्वतःच्या बचावाच्या तयारीला लागतो.

प्रत्येक ‘सारखे’ संशयास्पद असते, असे मात्र नाही. ‘पोटात खड्डा पडल्यासारखं वाटलं’, ‘छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं’, ‘अंगातलं बळ गेल्यासारखं झालं’ ही वाक्ये स्वतःच्या शरीरात काय घडले ते सांगतात आणि त्यांत दुसऱ्या कोणावर बोट रोखलेले नसते. अशा वाक्यांपासून भावनेच्या नावापर्यंत पोहोचणे पुष्कळ सोपे जाते. तेव्हा ‘सारखे’ ऐकले की एकच प्रश्न विचारावा: हे करणारा कोण? उत्तरात दुसऱ्याचे नाव आले, तर आपण अजून मतातच उभे आहोत.

सर्वांत जास्त चकवणारा शब्द ‘अपमान’ हा आहे. ‘मला अपमान वाटला’ या वाक्यात ‘की’ नाही आणि ‘सारखे’ही नाही, वर ते व्याकरणात ‘मला लाज वाटली’च्या शेजारी निमूटपणे बसते. तरीही अपमान ही भावना नव्हे. अपमान ही बाहेर घडलेली, किंवा घडली असे आपण मानलेली, घटना आहे. येथे मला भरतमुनींचा आधार घ्यावासा वाटतो. नाट्यशास्त्रात त्यांनी भाव, त्याला कारण होणारा विभाव आणि तो बाहेर दिसतो तो अनुभाव, अशा तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. आठ स्थायी, म्हणजे टिकून राहणाऱ्या, भावांखेरीज त्यांनी तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येऊन-जाऊन असणारे, भाव सांगितले आहेत आणि त्यांत ‘अमर्ष’ नावाचा एक भाव आहे. विद्येने, धनाने किंवा बळाने वरचढ असलेल्या माणसाने अवमान केला म्हणजे जे मनात उसळते, तो अमर्ष. म्हणजे अपमान विभावाच्या घरात आणि अमर्ष भावाच्या घरात. आपण मात्र कारणाचेच नाव भावनेला देऊन मोकळे होतो आणि आत काय उसळले ते पाहायचे राहून जाते. एकाच अपमानाखाली एकाला संताप येतो, दुसरा खजील होतो, तिसरा घाबरतो आणि चौथ्याला फक्त दुःख होते. चौघांना हवे असलेले औषध वेगवेगळे आहे, पण चौघेही ‘माझा अपमान झाला’ एवढेच सांगतात.

दोन भावांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दोघांचे गुळाचे गुऱ्हाळ सामाईक आहे. धाकटा म्हणाला, ‘दादा, मला असं वाटतंय, की तुझ्या लेखी मला किंमतच राहिली नाही.’ थोरल्याने लगेच विचारले, ‘किंमत नाही? मग टेम्पो कुणाच्या नावावर घेतला?’ धाकट्याने गेल्या हंगामातला आडत्याशी झालेला व्यवहार काढला, थोरल्याने वडिलांच्या आजारपणातला खर्च काढला आणि पाऊण तास दोघे पुराव्यांवर पुरावे देत राहिले. मत मांडले की उत्तरादाखल पुरावाच येणार, त्यात थोरल्याचे काहीच चुकले नाही. मग मी धाकट्याला म्हटले, की दादांविषयी काही बोलू नका. आडत्याशी परस्पर व्यवहार झाल्याचे तुम्हाला कळले, त्या घटकेला तुमच्या शरीरात काय झाले तेवढे सांगा. तो बराच वेळ हातातल्या पेल्याकडे बघत राहिला. ‘हातपाय गार पडले,’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, ‘भीती वाटली. उद्या दादानं मला वेगळं काढलं, तर मला एकट्याला जमायचं नाही.’ थोरल्याकडे या वाक्याचे उत्तर नव्हते. त्याने तोंड उघडले आणि मिटले. भीती वाटली नाही, असे दुसऱ्याच्या वतीने कोणाला सांगता येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने धाकट्याला प्रश्न विचारला: ‘कधीपासनं वाटतंय तुला असं?’

नाव दिल्याने नेमके काय होते, याचा अभ्यासही झालेला आहे. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली मेंदूची चित्रे घेऊन एक प्रयोग प्रसिद्ध केला. रागावलेल्या, भ्यालेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून कधी त्या चेहऱ्यावरच्या भावनेचा शब्द निवडायला सांगितला, तर कधी त्या चेहऱ्याच्या माणसाला शोभेल असे नाव निवडायला सांगितले. भावनेचा शब्द निवडताना मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याला चटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, हालचाल मंदावली. माणसाचे नाव निवडताना तसे झाले नाही. 2012 सालचा दुसरा प्रयोग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या विषयावर येतो. कोळ्याची भीती असलेल्या माणसांना जिवंत कोळ्यासमोर नेले. काहींनी आपली भीती आणि किळस शब्दांत सांगायची होती, तर काहींनी कोळ्याविषयी धीर देणारी वाक्ये म्हणायची होती, म्हणजे तो छोटा आहे, तो मला काही करणार नाही, अशी. आठवड्यानंतर पुन्हा कोळ्यासमोर नेले, तेव्हा भीतीला नाव देणाऱ्यांच्या त्वचेला इतरांपेक्षा कमी घाम सुटला. भीती कमी झाल्याचे त्यांनी तोंडाने सांगितले नव्हते. फरक शरीरात पडला होता. कोळ्याविषयीचे मत कितीही शहाणपणाचे असले, तरी ते कोळ्याविषयीचे होते.

आता माझ्या मनात खूप दिवस सलणारी एक गोष्ट. ‘टेन्शन’ या एका शब्दाने आपण किती शब्द गिळून टाकले! मुलाच्या निकालाचे टेन्शन ही धाकधूक असते, पाहुणे यायच्या वेळचे टेन्शन ही धांदल असते, रुग्णालयात दाखल केलेल्या आईचे टेन्शन हा घोर असतो आणि बोलायचे राहून गेलेल्या गोष्टीचे टेन्शन ही रुखरुख असते. शिवाय हुरहूर, तगमग, घालमेल आणि चुटपुट आहेतच. इतके बारकावे ज्या भाषेत तयार आहेत, त्या भाषेतल्या माणसांनी ‘निगेटिव्ह वाटतंय’ म्हणून थांबावे, याचे मला मनापासून दुःख होते. ‘निगेटिव्ह’ हा तर भावनेवरचा शेराच आहे. भावना कोणती ते सांगण्याआधीच ती नको असल्याचे तो जाहीर करून टाकतो.

हेच आनंदालाही लागू आहे आणि तिकडे आपले लक्ष अजिबात जात नाही. ‘लई भारी वाटलं’ हे मलाही आवडते, पण तेथे थांबू नये. संकट टळले की हायसे वाटते, काम मनासारखे उतरले की समाधान वाटते, लेकीने पहिल्यांदा सायकल चालवली की कौतुक वाटते, कधी न पाहिलेले पाहिले की अप्रूप वाटते आणि कोणी पाठीवर हात ठेवला की हुरूप येतो. यातला नेमका शब्द सापडला, की तो आनंद कशातून आला हे कळते आणि पुन्हा तेथे जाण्याची वाट सापडते. ज्या बाईला वर्षानुवर्षे फक्त हायसेच वाटत आले आहे, तिच्या आयुष्यात हुरूप कोठे आहे, हा प्रश्न शब्द वेगळे केल्याखेरीज सुचतच नाही.

येथे एक रास्त शंका नेहमी विचारली जाते. एखाद्याला खरोखरच डावलले गेले असेल, तर त्याने तसे म्हणूच नये का? जरूर म्हणावे, पण वस्तुस्थिती म्हणून म्हणावे. करवीर तालुक्यातली एक ताई माझ्याकडे आली होती. वडील वारल्यावर भावांनी हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला होता आणि ती सगळ्यांना सांगत होती, ‘मला डावलल्यासारखं वाटतंय.’ भाऊ उत्तर देत होते, ‘ताई, तसं वाटून घेऊ नकोस.’ पण हा वाटण्याचा विषयच नव्हता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली हिंदू वारसा कायद्याने दिला आहे. तिचा हिस्सा किती, हे कागद पाहून वकिलाने सांगायचे होते. ‘वाटतंय’ म्हणून तिने स्वतःच आपल्या हक्काला भावनेच्या दारात नेऊन उभे केले होते आणि खरी भावना तशीच मुकी राहिली होती. ती भावना बाहेर यायला आणखी दोन भेटी लागल्या. मग तिने भावांना सांगितले, ‘सही करतो का नाही ते मी ठरवलेलं नाही. पण मला भीती वाटते, की सही केली नाही तर माझं माहेर तुटलं.’ (आमच्याकडच्या बायका ‘करतो’, ‘जातो’ असेच बोलतात.) या वाक्यातही ‘की’ आहे, पण भावनेचे नाव त्याच्या आधी आलेले आहे आणि ‘की’च्या पुढे त्या भीतीचे कारण आहे.

सही तिने अजून केलेली नाही. भाऊबीजेला मात्र धाकटा भाऊ स्वतः गाडी घेऊन तिला न्यायला आला. परत आल्यावर तिने मला सांगितले, ‘बरं वाटलं.’ मी विचारले, बरे म्हणजे कसे? ती विचार करू लागली; तिने आधी मान हलवली, मग पदराच्या टोकाशी चाळा केला आणि म्हणाली, ‘ओवाळताना हात थरथरायचा थांबला बघा. हायसं वाटलं.’